साच्याचं ऐकायला शिकूया : मऊ प्लास्टिकचे लूर ओतताना काय बिघडतं आणि का



किनाऱ्यालगतच्या शाळांत आठवी-नववीच्या मुलांच्या तोंडी हल्ली एक शब्द सारखा ऐकू येतो, 'लूर'. घरातली मोठी माणसं गरीला कोळंबी नाहीतर बांगड्याचा तुकडा लावून गरवायला जात. मुलं आता व्हिडिओ पाहून जेलीसारखे लुसलुशीत, रंगीत, शेपूट हलवणारे प्लास्टिकचे मासे लावतात. जिताडा, तांबोशी त्याला खरोखर लागतात. पण दगडात अडकून एकेका फेरीत चार-पाच लूर जातात, आणि विकतचे घेणं परवडत नाही. मग प्रश्न येतो : "सर, घरी करता येतील का?"

करता येतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ घरीच तयार केला, तिथूनच हा प्रकार पुढे पसरला. पण घरी ओतलेले पहिले दहा-बारा लूर बहुधा खड्ड्यांचे, शेपूट तुटलेले किंवा कडेला पापुद्रे आलेले निघतात. मुलं लगेच म्हणतात, प्लास्टिक खराब आहे. बहुतेक वेळा दोष असतो साच्यात, आणि तो नेमका कुठे आहे हे बिघडलेला लूरच सांगत असतो. ते वाचता आलं तर नववी-दहावीचं निम्मं विज्ञान त्यात आहे.

आधी थोडं पदार्थाविषयी. या द्रवाला प्लास्टिसॉल म्हणतात. पीव्हीसीची बारीक पूड एका तेलकट द्रवात (प्लास्टिसायझरमध्ये) मिसळलेली असते. टी-शर्टवर छापायच्या एका प्रकारच्या शाईतही हेच असतं. थंड असताना ते दुधासारखं पांढरं आणि पातळ दिसतं. तापवत गेलं की मध्येच घट्ट, गोळ्या-गोळ्यांचं होतं. (इथे मुलं "बिघडलं" म्हणून टाकून देतात!) आणखी तापवलं की सुमारे १७५ अंश सेल्सिअसला पुन्हा पातळ आणि पारदर्शक होतं. तेव्हा ओतायचं. २०० अंशांच्या आसपास गेलं की पिवळं पडून जळू लागतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो नाका-डोळ्यांना झोंबतो आणि फुप्फुसांना घातक आहे. म्हणून तापमापी हवाच, आणि काम उघड्यावर.

आता साचा. घरी सर्वांत सोपा साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, आणि सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. एका पालकांनी मला लूरचा फोटो पाठवला होता. पोटाची बाजू गुळगुळीत आणि पाठीवर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. ओतलेलं प्लास्टिक एकच, मग एका बाजूला खड्डे कसे? साच्याचे दोन भाग वेगवेगळ्या दिवशी केले होते. एक वाळला होता, दुसरा नव्हता.

इथे जरा थांबूया, कारण वर्गात फळ्यावर मांडावं असं गणित इथे आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी घातलं की त्याचं जिप्सम होतं, हे सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकात आहेच. १०० ग्रॅम भुकटीला जिप्सम व्हायला फक्त १८-१९ ग्रॅम पाणी लागतं. पण तेवढ्यात कालवलं तर ओतण्याजोगं होत नाही, म्हणून आपण ६०-७० मिलीलीटर घालतो. वरचं ४०-५० मिलीलीटर पाणी कुठे गेलं? साचा हाताला कडक लागतो, पण ते सगळं त्याच्या छिद्रांत बसलेलं असतं. अशा साच्यात १७५ अंशांचं प्लास्टिक पडलं की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि आकारमान सुमारे १६०० पट वाढतं. वाफेला बाहेर पडायला वाट एकच, अजून मऊ असलेल्या लूरच्या अंगातून. खड्डे पडतात ते असे. साचा फारच ओला असेल तर गरम प्लास्टिक उसळून तोंडावर उडतं. पालकांनी हा धोका नीट समजून घ्यावा.

"वाळला का?" हे हाताने कळत नाही, वजनाने कळतं. ५०० ग्रॅम भुकटीचा साचा पूर्ण वाळल्यावर ५९० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. बाजारातली भुकटी शुद्ध असेलच असं नाही, तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा आणि सलग दोन दिवस आकडा हलला नाही की वाळला समजा. उन्हात ठेवा, पंख्याखाली ठेवा. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नये असं माझं मत आहे. घाई म्हणून ओव्हनमध्ये कडक तापवाल तर उलटंच होतं. जिप्समच्या स्फटिकात बांधलेलं पाणीही निघू लागतं आणि साचा खडूसारखा भुसभुशीत होतो. ४५-५० अंशांच्या वर नेऊ नये.

जरा विचार केला तर एक शंका येईल. जिप्समच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग पाणीच असतं, मग कोरडा साचाही वाफ सोडेल की! बरोबर आहे. १७५ अंशांना पृष्ठभागावरचा थर थोडं बांधलेलं पाणी सोडतोच. म्हणून आतून लेप द्यावा लागतो. पांढरा डिंक (फेविकॉलसारखा) पाण्यात पातळ करून दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन. किंवा दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीचा एक पातळ हात, जो जास्त टिकतो. लेपाने छिद्रं बुजतात, लूर चिकटत नाही आणि त्याला चकाकी येते. लूर मंद, खरबरीत निघाला किंवा एकाच जागी चिकटत असेल, तर तिथला लेप गेलाय एवढंच समजायचं. मात्र ओल्या साच्यावर लेप देऊ नका. आत कोंडलेलं पाणी तापलं की लेपच फोडून बाहेर येतं.

सगळेच बुडबुडे पाण्याचे नसतात, हेही खरं. ओळखायची खूण सोपी आहे. खड्डे फक्त साच्याला टेकलेल्या बाजूवर असतील तर दोष साच्याचा. बुडबुडे लूरच्या आत सगळीकडे विखुरलेले दिसत असतील तर प्लास्टिक जोरात ढवळून आपणच हवा मिसळली. अर्धा मिनिट स्थिर ठेवा, मग बारीक धारेने, जवळून ओता.

दुसरी मोठी तक्रार शेपटाची. धड सुरेख, पण शेपटाचं टोक गोल, अर्धवट. साच्यात प्लास्टिक शिरायचं तर आधी तिथली हवा निघायला हवी. शेपटाची खोबण म्हणजे एका टोकाला बंद बोळ. हवा तिथे अडकते आणि प्लास्टिक तिच्यापुढे थबकतं. शेपटाच्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत सुईने केसाएवढी चीर पाडा. हवा निघून जाते. दाट प्लास्टिक त्यात फार शिरत नाही, शिरलं तरी नखाने तुटतं. त्याने भागलं नाही तर कारण थंड साचा. पातळ शेपूट भरायच्या आत प्लास्टिक गोठतं. अशा वेळी साचा आधी कोमट करून घ्या, आणि उघडा, एका भागाचा साचा असेल तर शेपटापासून धडाकडे ओतत या.

तिसरी तक्रार, ओतायच्या तोंडापाशी पडलेली खळी. इथे साचा निर्दोष आहे. प्लास्टिक थंड होताना आकसतं. जाड धड शेवटी गोठतं आणि आतून ओढ घेतं. उपाय म्हणजे तोंड नरसाळ्यासारखं रुंद ठेवणं, म्हणजे वरचा साठा खाली उतरत राहतो. खाली बसताना दिसलं तर गोठायच्या आत थोडं आणखी ओता. जाडजूड साखळ्या, कड्या ओतणारे कारागीरही तोंडाशी असाच जादा साठा ठेवतात.

कडेचे पापुद्रे समजवायला मोदकाचा साचा वर्गात न्यावा. दोन अर्धं नीट मिटली नाहीत की मोदकाला कडेने पापडी येते, तेच इथे. दोन्ही भाग मिटवून उजेडासमोर धरा. फट दिसली तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासा, आणि ओतताना शिकंज्यात आवळा. पापुद्रा नसून लूरच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकलेल्या दिसत असतील, तर साचा करताना पहिल्या भागात दोन-तीन खळगे ठेवायचे राहिले. दुसऱ्या भागाचे उंचवटे त्यांत बसतात आणि जागा हलत नाही. दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्याला व्हॅसलिनचा पातळ हात मात्र विसरू नये, नाहीतर दोन्हींचा एकच दगड होतो.

लूर दिसायला छान, पण ताणला की तुटतो आणि ढगाळ दिसतो? त्यात साच्याचा संबंध नाही. प्लास्टिक पूर्ण तापलं नव्हतं.

थ्रीडी प्रिंटरवर साचा छापून देतो असं कुणी म्हणालं तर कोणत्या प्लास्टिकचा, ते विचारा. नेहमीचं पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, त्यात १७५ अंशांचा द्रव ओतणं म्हणजे मेणाच्या वाटीत उकळता चहा.

मुलांनी काय करावं आणि काय नाही, याबाबत मी स्पष्ट आहे. तापवणं आणि ओतणं मोठ्यांनीच करायचं. लांब बाह्या, हातमोजे, चष्मा घालून, आणि त्या भांड्यात पुन्हा कधीही अन्न न शिजवता. भांड्याजवळ पाण्याचा थेंबही नको. गरम प्लास्टिक अंगावर पडलं तर ते त्वचेला चिकटून भाजतच राहतं. ते ओढून काढू नका, तो भाग २० मिनिटं वाहत्या नळाखाली धरा आणि दवाखाना गाठा. जुन्या चपला, पाइपचे तुकडे वितळवून लूर होत नाहीत, नुसता विषारी धूर होतो; हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. तयार लूर धाकट्या भावंडांना खेळायलाही देऊ नये. त्यातला प्लास्टिसायझर तोंडात जाण्याची वस्तू नाही.

साचा मात्र मुलांनीच करावा. शाडूचा मासा, पुठ्ठ्याची डबी आणि प्लास्टर एवढ्यावर भागतं. त्यात ओतायला चायना ग्रास घ्या, नेहमीपेक्षा दुप्पट घट्ट. ते उकळून जरा निवू द्यावं. ४० अंशांच्या खाली आलं की फ्रीजशिवाय गोठतं. शेपटात अडकलेली हवा, कडेचे पापुद्रे, सरकलेले अर्धे भाग, सगळे दोष तसेच्या तसे दिसतात. लेप न दिलेलं प्लास्टर त्यातलं पाणी शोषून घेतं आणि मासा चिकटतो, म्हणून आत खोबरेल तेलाचा हात द्या. हे मासे खायचे नाहीत, आणि भिजलेला तो साचा पुढे गरम प्लास्टिकसाठी वापरायचा नाही. त्यावर मुलांकडून रंगाने ठळक खूण करून घ्या आणि साचा शाळेतच ठेवा.