घाटमाथ्यावरून कोकणात, पाण्याच्या वाटेनं

रतनगडाच्या कुशीतलं साम्रद हे गाव पाणलोटाच्या धारेवर वसलं आहे. गावाच्या पूर्व अंगाला पडलेला पाऊस भंडारदऱ्याच्या जलाशयात जातो, तिथून प्रवरेत, मग गोदावरीत, आणि अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिम अंगाच्या पावसाला एवढा प्रवास नाही. तो गावाबाहेर जमिनीला पडलेल्या एका भेगेत शिरतो आणि थेट शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाच्या दिशेनं कोसळत जातो. ही भेग म्हणजे सांधण दरी. माथा अहिल्यानगर जिल्ह्याचा, पायथा ठाण्याचा.

पाण्यानं कोरलेली अशी घळ वरून खाली उतरत जायची, कुंडं आली तर पोहायचं, कडा आला तर दोर लावायचा, हा खेळ युरोपात शंभराहून अधिक वर्षांचा आहे. फ्रान्समधल्या व्हेर्दोंच्या प्रचंड घळीतून एदुआर मार्तेल १९०५ साली पार झाला. आपल्याकडे कॅनियनिंग हा शब्द गेल्या काही वर्षांतला, पण घळी उतरणं नवं नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाटाची नाळ जुन्नरकडे चढते. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदराचा माल याच वाटेनं वर जाई. सह्याद्रीत माणसानं घाट शोधले ते बहुतेक पाण्याच्या मागे जाऊनच. साम्रद ते डेहणे जोडणारा करोली घाट आजही सांधणच्या शेजारून उतरतो आणि दरी उतरून पुन्हा माथ्यावर जायचं असेल तर तोच उपयोगी पडतो.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत या खेळाचे जवळजवळ सगळे नमुने सापडतात. कसाऱ्याजवळ विहीगावचा धबधबा आहे. ‘अशोका’ चित्रपटाच्या चित्रीकरणानंतर लोक त्याला अशोक धबधबा म्हणू लागले. तिथे एकाच टप्प्याचं रॅपलिंग होतं आणि नवशिक्याला पाण्याच्या माऱ्याखाली दोर धरायला शिकायचं तर जागा चांगली आहे. माळशेजच्या बाजूला काळू नदी खिरेश्वरच्या पठाराखाली टप्प्याटप्प्यांनी कोसळते. तो मात्र जाणत्यांचा मामला. एका टप्प्यातून सुटलं की पुढचे सगळे उतरावेच लागतात. बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडावर जाणारी नळीची वाट बहुतेक जण चढून जातात. कोकणकड्याच्या पोटातली ही घळ पावसाळा सरला की कोरडी पडते आणि मग दगडधोंड्यांचा जिना होतो. हरिश्चंद्रगडाचा डोंगर तर पाणी वाटून देणारा: मुळेचं पाणी गोदावरीला, खिरेश्वरच्या बाजूचं पिंपळगाव जोगे धरणावाटे कृष्णेच्या खोऱ्यात आणि काळूचं उल्हास नदीतून अरबी समुद्रात.

पण या सगळ्यांत सांधण वेगळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून हा कातळ झाला. त्यातल्या उभ्या भेगा आणि कच्चे पट्टे पाण्यानं पोखरले, आणि जिथे रुंद दरी व्हायला हवी तिथे अरुंद चीर उभी राहिली. दोन्ही भिंती दोनशे-तीनशे फूट उंच, आणि काही ठिकाणी इतक्या जवळ की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागावा.

आम्ही मित्र डिसेंबरात गेलो. कसाऱ्याहून जीपनं साम्रद, रात्री गावातल्या एका घरी मुक्काम, आणि उजाडता उजाडता दरीच्या तोंडाशी. सोबत गावातलाच एक दादा होता. पहिलं पाणी गुडघ्यापर्यंत. दुसरं कंबरेच्या वर, आणि इतकं गार की आत शिरताना कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. दिवसा हिंडायला येणारे बहुतेक जण इथून थोडं पुढे, पहिल्या कड्यापाशी जाऊन मागे फिरतात. तिथे कोकण एकदम उघडतं. खाली डेहण्याचा प्रदेश आणि समोर उन्हात तळपणारा आजोबाचा डोंगर.

पहिला कडा चाळीस-पंचेचाळीस फुटांचा. कातळातले बोल्ट आधी हातानं, मग वजन देऊन तपासले, एकाला दुसऱ्याचा आधार दिला. दोर दुहेरी टाकला, कारण शेवटचा माणूस खाली आला की एक टोक ओढून तो काढून घ्यायचा असतो. वाहत्या धबधब्यात गणित आणखी कडक. तिथे दोर पाण्याला टेकेल एवढाच सोडतात, जास्त सोडला तर डोहातल्या भोवऱ्यात पायांना गुंडाळतो. आणि वरचा अँकर असा बांधतात की मध्येच अडकलेल्याला वरून सैल सोडून खाली घेता यावं. पाण्याच्या माऱ्याखाली लोंबकळत राहिलेला माणूस फार वेळ तग धरत नाही. हे ज्याला बांधता येत नाही त्यानं वाहत्या धबधब्यात कुणाला उतरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

दोर सरसरत खाली आला तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, “झालं, आता परत जाणं नाही.” या खेळाचं सगळं मर्म त्या वाक्यात आहे. डोंगर चढताना बेत फसला तर माणूस वळून घरी येतो. घळीत ती सोय नाही. म्हणून इथला खरा निर्णय दरीत शिरण्याआधीच, गावातच घ्यावा लागतो.

तो निर्णय पाण्याचा. पुढे एका अरुंद जागी दादानं वर बोट दाखवलं. आमच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर, दोन भिंतींच्या मध्ये झाडाचा एक ओंडका आडवा अडकला होता. “हा यंदाच्या पावसातला. गेल्या साली नव्हता.” म्हणजे श्रावणात पाणी तिथपर्यंत चढलं होतं. साम्रदच्या सगळ्या पश्चिम पठाराचं पाणी या एकाच तोंडातून आत येतं आणि आत आलेल्या पाण्याला पसरायला जागा नसते. दरीतून आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. वळीव रतनगडावर पडत असला तरी खालच्याला ऊन दिसू शकतं. त्याला कळतं ते पाण्यावरून: नितळ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा वाहून येऊ लागतो, वरून घरघर ऐकू येते. तोवर वेळ फार थोडा उरलेला असतो. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या घळीत वादळी पावसाचा लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यांत प्रशिक्षित गाइडही होते. म्हणून पावसाळ्यात सांधणमध्ये उतरायचंच नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी घाटमाथ्यावर ढग जमत असतील तर गावातल्या माणसानं ‘नको’ म्हटलं की तो शेवटचा शब्द.

कड्यांनंतरची वाट लांबते. घराएवढ्या धोंड्यांवरून चार-चार तास उतरायचं, गुडघे बोलू लागतात. मग झाडी, मग पाड्याची पायवाट. डेहण्यात पिठलं आणि तांदळाची भाकरी, पुढे जीपनं आसनगाव स्टेशन आणि लोकल.

अनुभवी माणसालाही कडा माफी देत नाही. सांधणची वाट ट्रेकर्समध्ये रुळवणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतलं जातं ते अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावरच रॅपलिंगच्या मोहिमेत गेले. आयुष्य या कातळावर घालवलेला माणूस होता तो.

पावसाळ्यात माळशेज, माहुलीचा पायथा, आजा पर्वत, कसाऱ्याचे धबधबे अशा ठिकाणी जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. लोक चिडतात, पण मला तो आदेश योग्य वाटतो. मात्र बंदीनं अर्धंच काम होतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात आहे. तरी शनिवार-रविवारी मोठमोठे गट बसमधून उतरतात, त्यांचे आयोजक शहरातले असतात, आणि दरीची नस ओळखणारा साम्रदचा किंवा बेलपाड्याचा तरुण फक्त सामान वाहतो आणि जेवण रांधतो. हे उलटं व्हायला हवं. महादेव कोळी आणि ठाकर समाजातली ही मुलं याच कड्यांवर वाढली आहेत. त्यांना दोराचं रीतसर शिक्षण, हेल्मेट-हार्नेस आणि बचावाचं साहित्य मिळालं तर अपघाताच्या वेळी पहिली मदत गावातूनच पोचेल. शहरातून पथक येईपर्यंत रात्र होते.

पाण्याबद्दलही बोललं पाहिजे. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यातली, तरी याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दरीतल्या ज्या कुंडात आपण साबण लावून अंघोळ करतो, त्याच्यावर उन्हाळ्यात जनावरं जगतात. साम्रदचा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, त्यामुळे तिथे प्लास्टिक टाकणं आणि चूल पेटवणं हा नुसता निष्काळजीपणा राहत नाही.

पावसाळा सरला की पाणी ओसरू लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सांधणचा चांगला काळ. जा, पण लहान गटानं जा, वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याला त्याच्या ज्ञानाचे पैसे द्या. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा ७६२०२३०२३१ हा क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये टाका आणि घरीही लिहून ठेवा, कारण दरीत रेंज नसते.