बुंगो-ताकादाची बाजारपेठ

जपानच्या दक्षिण भागात क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या ईशान्येस कुनिसाकी द्वीपकल्प समुद्रात शिरलेला आहे. या द्वीपकल्पावर बुंगो-ताकादा हे लहानसे गाव वसले आहे. तेथे गगनचुंबी इमारती नाहीत. तरीही दूरदूरचे प्रवासी हे गाव पाहावयास येतात, आणि तेही तेथील साधी बाजारपेठ पाहण्यासाठी!

अशा पेठेला जपानी भाषेत ‘शोतेंगाई’ म्हणतात. अरुंद रस्त्याच्या दोहो बाजूंस लहान लहान दुकाने आणि दुकानाच्या मागे किंवा माडीवर दुकानदाराचे बिऱ्हाड, अशी तिची जुनी रचना असते. एके काळी बुंगो-ताकादाची पेठ माणसांनी फुलून जात असे. भोवतालच्या खेड्यांतील लोक खरेदीसाठी येथे येत. गावाला आगगाडीही होती.

पुढे काळ पालटला. 1965 साली तो लोहमार्ग बंद झाला. घरोघरी मोटारी आल्या. लोक दूरच्या मोठ्या दुकानांकडे वळले. तरुण मंडळी कामधंद्यासाठी शहरांत गेली. एकामागून एक दुकानांची दारे बंद झाली. ‘आता पेठेत कुत्री-मांजरेच तेवढी हिंडतात,’ असे लोक खेदाने म्हणू लागले.

मग काय करावे? जुने पाडून नवे उभारावे, तर तेवढे धन कोठून आणावे? विचार करता करता गावकऱ्यांना एक गोष्ट उमगली. पेठेची भरभराट थांबली, म्हणूनच तिच्यातील जुन्या इमारती पाडल्या गेल्या नव्हत्या. ज्याला ते उणेपण समजत होते, तेच त्यांचे धन होते!

जपानात 1926 ते 1989 या कालखंडास ‘शोवा’ युग म्हणतात. त्यातील 1955 ते 1964 या दशकात पेठ ऐन भरात होती. तेच रूप तिला पुन्हा द्यावे, असे ठरले आणि 2001 साली कामास आरंभ झाला. दुकानांच्या दर्शनी भागांवरील नवी आवरणे काढून त्यांना जुने रूप दिले गेले. प्रत्येक दुकानाने आपल्या घराण्यातील एखादी जुनी वस्तू मांडावी आणि आपला एक खास पदार्थ वा जिन्नस विकावा, असा संकेत ठरला. धान्याच्या जुन्या कोठारात खेळण्यांचे संग्रहालय उघडले. एका उपाहारगृहात तर त्या काळी शाळेत मिळणारे जेवण वाढले जाते! ते पाहून आजोबांना आपले बालपण आठवते आणि नातवंडांना ते प्रथमच कळते.

ओस पडलेल्या पेठेत पुन्हा वर्दळ सुरू झाली. प्रवाशाने एखादी वस्तू हाती घेतली, की वृद्ध दुकानदार तिची हकीकत सांगू लागतो. वस्तू मोठ्या दुकानातही मिळते. पण तिच्यासोबत अशी हकीकत मिळत नाही.

सारे प्रश्न सुटले, असे नव्हे. वडिलांचे दुकान पुढे कोण चालविणार, ही चिंता जपानमधील अनेक लहान गावांना आहे. तथापि बुंगो-ताकादाने एक गोष्ट दाखवून दिली. आपल्याजवळ काय नाही, याचे दुःख करीत बसण्यापेक्षा आपल्याजवळ काय आहे, हे डोळसपणे पाहणे, हाच उन्नतीचा आरंभ होय.