मातीची जुनी खाण कशी ओळखावी?

गावाबाहेर, बहुधा नदी-ओढ्याच्या काठी, शेताच्या मधोमध एखादा खोलगट भाग दिसतो. आजूबाजूचे रान वाळले तरी तो हिरवाच राहतो. विटांसाठी किंवा कुंभारकामासाठी माती काढलेली ही जुनी खाण असू शकते.

मोठी खूण म्हणजे काठावर बांध नसणे. शेततळे खोदताना निघालेली माती तिथेच कडेला रचतात; खाणीत मातीच हवी असल्याने ती गाडीत भरून नेलेली असते. गाडी उतरवण्यासाठी एक बाजू उतरती, बाकीच्या खड्या. अर्थात, वर्षानुवर्षांच्या पावसाने कडा ढासळून सगळा खड्डा बशीसारखा उथळ होतो, तेव्हा या खुणेवर फार विसंबू नये. तळाच्या चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की त्यांच्यामधून पाणी झिरपायला फार वेळ लागतो. म्हणूनच तिथे पाणकणीस उगवते.

वीटभट्टीचा खरा पुरावा खड्ड्याशेजारी सापडतो: राखेने काळवंडलेली जमीन, भाजून लाल झालेली ढेकळे आणि जास्त आचेने वितळून एकमेकींना चिकटलेल्या काळपट, वेड्यावाकड्या विटा. त्या बांधकामाला चालत नाहीत, म्हणून भट्टीजवळच टाकून दिल्या जातात.