आजीच्या डब्यातला रुपया कुठे विकायचा?

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना, वाघाचं चित्र असलेला 1947 चा रुपया पाच लाखांना, असे व्हिडिओ अकोला-अमरावतीत घरोघरच्या मोबाइलवर येतात. खाली नंबर असतो. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलतो, फोटो मागवतो आणि सौदा तिथल्या तिथे पक्का करतो. मग नोंदणी फी, जीएसटी, कुरिअरचा विमा असं एकेक करत पैसे मागायला लागतो. कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाचं, शिक्का मारलेलं पत्रही येतं. याबद्दल रिझर्व्ह बँकेनं 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर निवेदनच काढलं होतं: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि बँक त्यासाठी कसलंही शुल्क वा कमिशन मागत नाही. विकणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे, असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्यावा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवावं. फसगत झालीच, तर लगेच 1930 वर तक्रार करावी.

हे ओळखणारेही विचारतात, "भाऊ, कोणत्या ॲपवर टाकू? कितीले जाईन?" माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की नाणं कोणतं आहे. ते कळलं की कुठे विकायचं हे बहुतेक आपोआप ठरतं.

वऱ्हाडातल्या घरांत सापडतात ते मुख्यतः चांदीचे रुपये. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, इथल्या कापसाला भाव आला आणि चांदीचा पैसा या काळ्या मातीत आला. राणीछाप रुपये लक्ष्मीपूजनाच्या डब्यात जपले गेले, कडी डाखून गळ्यात घातले गेले. हा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी 91.7 टक्के. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, आणि 1947 चा वाघछाप रुपया तर निव्वळ निकेलचा आहे; तो लोहचुंबकाला चिकटतो. म्हणजे वजन आणि साल या दोन गोष्टींवरूनच निम्मी किंमत समजते. राणीछाप किंवा पंचम जॉर्जचा साधा, झिजलेला रुपया बऱ्याचदा चांदीच्या भावाच्या आसपासच जातो. 1939 चा चांदीचा रुपया मात्र दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच आकडा खरवडून केलेले बनावट 1939 बाजारात आहेत. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, सरकारनं ती नाणी मागे घेतली आणि 1912 पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा छाप काढला. तो 1911 चा रुपयाही संग्राहक शोधत असतात.

इथे एक कळकळीची विनंती. विकायच्या आधी नाणं घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट यांनी ते लखलखतं खरं, पण शंभर वर्षांत चांदीवर धरलेली करडी-निळसर झाक निघून जाते आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दिसायला लागतात. जाणकार गिऱ्हाईक ते एका नजरेत ओळखतो आणि नाणं खाली ठेवतो. काढलेल्या कडीचा डागही तसाच लपत नाही. फोटो काढायचा तर खिडकीच्या उजेडात, दोन्ही बाजूंचा, नाणं कडेनं धरून. सोबत वजन आणि व्यास लिहावा. चांगल्या विक्रीची निम्मी तयारी तिथेच होते.

तांब्याची गोष्ट वेगळी. अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, ही इमादशाहीची राजधानी. पुढे मुघलांच्या वऱ्हाड सुभ्यातही तिथे टांकसाळ होती. त्या काळी ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान, त्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेरच राहायचा. ज्या तुकड्यावर 'एलिचपूर' हे नाव पूर्ण वाचता येतं, त्याला जास्त मागणी येते. 'शिवराई' म्हणून दाखवली जाणारी नाणीही सगळी शिवाजी महाराजांच्या काळातली नसतात. ती पुढे दीडशे वर्षं पडत राहिली, त्यामुळे साधी शिवराई लाखांत जात नाही.

नाणी जमिनीतून निघाली असतील, तर ती विकायचीच नाहीत. 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आता वाशिममध्ये असलेल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या दीड हजारांच्या आसपास नाण्यांचा साठा सापडला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या याद्यांत नसलेली राजांची नावं पुढे आली. ही नाणी पाच-पाच, दहा-दहा करून विकली गेली असती, तर ते राजे आपल्याला कळलेच नसते. म्हणून नांगराखाली किंवा पाया खणताना काही लागलं, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सापडवणाऱ्याचा हक्क त्यात बुडत नाही. सरकारनं साठा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. लपवलं तर मात्र शिक्षा आहे.

आता बाजार. साधे चांदीचे रुपये सराफ्यात दोन-तीन दुकानांत भाव विचारून विकावेत. त्यासाठी इंटरनेटची गरज नाही. त्याहून थोडी बरी, पण फार दुर्मिळ नसलेली नाणी ओएलएक्स किंवा फेसबुकच्या संग्राहक गटांत चालतात. तिथे पैसे खात्यात आल्याशिवाय नाणं द्यायचं नाही, आणि शक्यतो दिवसाउजेडी समोरासमोर द्यायचं. खरंच दुर्मिळ वाटणारं नाणं लिलावासाठी ठेवावं. मुंबईच्या टोडीवाला आणि ओसवाल, बेंगळुरूच्या मरुधर अशा लिलावसंस्थांत ऑनलाइन बोली लागते. जुन्या लिलावांत तसंच नाणं कितीला गेलं ते पाहता येतं, आणि माझ्या दृष्टीनं भावाचा खरा पुरावा तोच. विक्रेत्यानं जाहिरातीत मागितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. आकडा कोणीही लिहितो. नाणं ओळखू येत नसेल, तर आधी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात किंवा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत विचारून पाहावं.

परदेशी गिऱ्हाईक जास्त पैसे देतो म्हणून मोहात पडू नये. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा नाणं घेणाऱ्या दुकानदाराकडे तो आहे का हे विचारायला संकोचू नये.

लिलावाला नाणं देताना वजन, फोटो आणि वर्णन असलेली पावती हातात घ्यावी. किमान किंमत किती, कमिशन किती, विकलं गेलं नाही तर परतीचा खर्च कोणाचा, पैसे लिलावानंतर किती दिवसांनी, हे सगळं कागदावर असावं. टपालानं पाठवायचं तर विमा उतरवूनच, आणि पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ काढून. पाकिटावर 'नाणी' असं मोठ्या अक्षरात लिहू नये.