सॉकेटचा आकडा आणि खारा वारा

एखाद्या पतसंस्थेच्या कार्यालयात, महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत किंवा मध्यम आकाराच्या हॉटेलात हिशेब, नोंदी आणि सामायिक फायली सांभाळण्यासाठी जो एकच संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेला असतो, तो बहुधा प्राथमिक श्रेणीचा सर्व्हर असतो; त्यात प्रोसेसर एकच असतो आणि रचनेने तो डेटा सेंटरमधील अवाढव्य यंत्रांपेक्षा घरगुती संगणकाला अधिक जवळचा असतो. मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्यासारख्या गावात असा सर्व्हर घेताना चर्चा होते ती वेगाची, साठवणक्षमतेची आणि किमतीची. प्रोसेसर ज्या चौकोनी बैठकीत बसतो त्या सॉकेटचा उल्लेख दरपत्रकात असलाच तर एखाद्या आकड्यापुरता असतो. वास्तविक या यंत्रात पुढे काय बदलता येईल आणि काय येणार नाही, हे बऱ्याच अंशी त्याच आकड्यावर ठरते.

सॉकेट मदरबोर्डवर कायमचे सोल्डर केलेले असते, प्रोसेसर मात्र त्यात केवळ दाबून बसवलेला असतो, आणि सगळी वीज व सगळे संदेश त्या दाबाच्या भरवशावरच इकडून तिकडे जातात. सध्याच्या ‘एलजीए’ पद्धतीत प्रोसेसरच्या तळाशी सोन्याचा मुलामा दिलेले सपाट ठिपके असतात आणि सॉकेटमध्ये तितक्याच संख्येने, एकमेकींपासून मिलिमीटरभरही अंतर नसलेल्या, स्प्रिंगसारख्या लवणाऱ्या बारीक पिना उभ्या असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवायचा आणि मग धातूची चौकट व तरफ दाबून कुलूपबंद करायचा, एवढीच कृती असते. इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा या संपर्कबिंदूंची संख्या सांगतो. इंटेलने ही पद्धत २००४ मध्ये ७७५ बिंदूंच्या सॉकेटपासून आपल्या सर्वसाधारण संगणकांत आणली. एएमडीने आपल्या समकक्ष प्रोसेसरांच्या पिना प्रोसेसरवरच ठेवल्या आणि २०२२ च्या ‘एएम ५’ सॉकेटपासून, १७१८ बिंदूंसह, तोच मार्ग धरला. पिना प्रोसेसरवरून मदरबोर्डवर गेल्यामुळे वाकलेल्या पिनेचा भुर्दंडही मदरबोर्डवर पडू लागला.

इंटेलच्या छोट्या सर्व्हरांसाठीच्या झिऑन प्रोसेसरांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण २००९ ते २०२३ या काळात त्यांनी ११५६, ११५५, ११५०, ११५१, १२०० आणि १७०० असे सहा आकडे पाहिले आणि दर वेळी नव्या प्रोसेसरसाठी नवा मदरबोर्ड घेणे ओघानेच आले. सर्वांत फसवा आकडा ११५१. २०१५ च्या पिढीसाठी आलेले हे सॉकेट २०१८ च्या झिऑन ई-२१०० मालिकेसाठीही त्याच नावाने आणि त्याच आकारात राहिले, परंतु काही पिनांची आतील जोडणी बदललेली असल्यामुळे नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डमध्ये बसत असूनही चालत नाही. अशा वेळी आकडा न बदलण्याने ग्राहकाची सोय झाली असे म्हणणे कठीण आहे. त्यातच, सॉकेट जुळले तरी चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि इतर भाग यांच्यात समन्वय राखणारी चिप, आडवी येऊ शकते: २०१३ च्या पिढीचे झिऑन साध्या डेस्कटॉप मदरबोर्डवरही चालत असत, २०१५ पासून त्यांना सर्व्हरचाच चिपसेट सक्तीचा झाला. सर्व्हरमध्ये वापरली जाणारी ‘ईसीसी’ मेमरी, जी प्रत्येक ६४ बिटांबरोबर जादा बिट साठवून एखादा बिट चुकल्यास तो आपोआप दुरुस्त करते, तीही याच जुळणीवर अवलंबून असते. एएमडीने मे २०२४ मध्ये एपिक ४००४ ही सर्व्हर-मालिका ‘एएम ५’ वरच आणली आणि २०२५ ची एपिक ४००५ मालिकाही त्याच सॉकेटवर ठेवली. लहान संस्थेच्या दृष्टीने हे धोरण अधिक प्रामाणिक वाटते.

किनारपट्टीवर या हिशेबात हवेची भर पडते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी धरू लागते, आणि पावसाळ्यातल्या कोकणात ही मर्यादा सहज ओलांडली जाते; समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर साधारण ३३ टक्क्यांनाच ओलावतात, म्हणूनच शिरोड्याच्या मिठागरांतून येणाऱ्या जाड्या मिठाला घरोघरी पाणी सुटते. वाऱ्याबरोबर आलेले हेच मिठाचे कण सर्व्हरच्या पंख्यांनी आत ओढले की मदरबोर्डवर धूळ आणि खारट ओल यांचा वीजवाहक थर तयार होतो. सॉकेटमधले सोने गंजत नाही, पण त्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि त्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालच्या निकेल व तांब्यापर्यंत क्लोराइड पोचते. शिवाय यंत्र तापते आणि थंडावते तसतसे हे संपर्क कणभर सरकत राहतात व मुलामा झिजवतात, आणि वारंवार वीज जाऊन सर्व्हर बंद पडत असेल तर हे चक्र वाढते. तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये सिंधुदुर्गातील वीजपुरवठा विस्कळीत केला, तशा प्रसंगी वातानुकूलनही थांबते आणि खोलीतील हवा बाहेरच्या हवेसारखीच होते. संगणक-खोल्यांची हवा मोजण्याच्या एका प्रमाणित पद्धतीत तांब्याची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात. तिच्यावरचा गंजाचा थर ३०० अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे ३० नॅनोमीटरच्या, आत राहिला तरच हवा सौम्य मानली जाते.

चौकटीखाली दाबून बसलेल्या प्रोसेसरचे संपर्क त्यातल्या त्यात सुरक्षित असतात. खरा धोका असतो तो सॉकेट उघडे राहण्यात. म्हणून किनाऱ्यावर प्रोसेसर उगाच काढून पाहू नये, काढावाच लागला तर बंद खोलीत, कोरड्या दिवशी काढावा, पिनांना बोट लावू नये, आणि नव्या मदरबोर्डच्या सॉकेटवर येणारे प्लास्टिकचे झाकण खोक्याबरोबर रद्दीत जाऊ देऊ नये, कारण ते बसवलेले नसेल तर काही कंपन्या हमीच्या काळातही मदरबोर्ड दुरुस्तीसाठी स्वीकारत नाहीत.