न बघता उचललं म्हणजे ‘रँडम’ नव्हे

‘आम्ही न बघता पिशवीतून पाच गोळ्या काढल्या, म्हणजे नमुना रँडम झाला.’ मुलांनी असं म्हटलं तर समजू शकतं. पण शिक्षकही तेच सांगतात, प्रकल्पाच्या वहीत तेच लिहून घेतात, तेव्हा वैताग येतो. हा गैरसमज घालवायला पिशवीभर खाऊ, एक वजनकाटा आणि एक तास पुरतो. अँड्र्यू गेलमन आणि डेबोरा नोलन या संख्याशास्त्रज्ञांनी शिक्षकांसाठी लिहिलेल्या २००२ च्या पुस्तकात हा प्रयोग आहे.

समजा, पिशवीत २० ग्रॅमचे २० चॉकलेट बार आणि ५ ग्रॅमच्या ८० लिमलेटच्या गोळ्या आहेत. एकूण शंभर नग, वजन ८०० ग्रॅम. हे वजन मुलांना सांगायचं नाही. प्रत्येक गटाने पाच नग काढायचे, वजन करायचं, २० ने गुणायचं आणि नग परत टाकायचे. पाचात एक बार आला तर उत्तर बरोबर ८००. दोन आले तर ११००, तीन आले तर १४००. फळ्यावरचे बहुतेक आकडे ८०० च्या वरच जातात. कुणी लबाडी केलेली नसते. बार मोठा असतो, म्हणून तोच आधी बोटांना लागतो. डोळे मिटले तरी हात निवड करतच असतो.

आता प्रत्येक नगाला १ ते १०० क्रमांक द्या आणि सारख्या घडीच्या चिठ्ठ्या काढून नग ठरवा. चुका तरीही होतील. साधारण तीनातल्या एका गटाला एकही बार मिळणार नाही आणि त्यांचं उत्तर ५०० येईल. पण आता चुका दोन्ही बाजूंना होतात आणि सगळ्या गटांची सरासरी ८०० च्या आसपास येते.

हा खेळ फक्त वर्गापुरता आहे, असं वाटत असेल तर शेतात चला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की उत्पन्नाच्या अंदाजासाठी कापायला शेतातला फार लहान तुकडा आखला तर तो अंदाज फुगतो. हद्दीवरची रोपं आतच धरली जातात आणि तुकडा लहान असला की त्यांचा वाटा मोठा होतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘नमुना मोठा घेतला की चूक जाते.’ १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या, तरी भाकीत लँडनच्या विजयाचं केलं, निवडून आले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत.

‘चिठ्ठ्या टाकल्या की झालं.’ नीट मिसळल्या तरच. अमेरिकेत १९६९ च्या लष्करभरतीच्या सोडतीत जन्मतारखांच्या चिठ्ठ्या नीट मिसळल्या नव्हत्या आणि वर्षअखेरीस जन्मलेल्यांचे क्रमांक जास्त करून आधी लागले.

‘लोकसंख्या मोठी तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा.’ नको. शितावरून भाताची परीक्षा पातेल्याच्या आकाराने बदलत नाही. शीत कुठून घेतलं, यावर सगळं ठरतं.

शिक्षकांना एकच विनंती: हाताने नग काढण्याची आणि चिठ्ठ्यांची, या दोन्ही पद्धती एकाच तासाला करा आणि उत्तरं फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. मग वर्तमानपत्रातलं सर्वेक्षण वाचताना मुलं ‘किती जणांना विचारलं?’ याच्याआधी ‘ती माणसं निवडली कशी?’ असं विचारतील. आकडेवारी वाचायला तिथूनच सुरुवात होते.