पोटकंत्राट घेताना कारागिराने घ्यावयाची दक्षता

पावसाळा सरला की गोव्यातील बांधकामांना वेग येतो. इमारतीचे संपूर्ण काम एका मुख्य कंत्राटदाराकडे असते आणि गवंडीकाम, सुतारकाम, नळजोडणी, रंगकाम इत्यादी कामे तो स्वतंत्र कारागिरांस वाटून देतो. यालाच पोटकंत्राट म्हणतात. गिऱ्हाईक शोधण्याची यातायात वाचते व एकाच जागी काही आठवड्यांचे काम मिळते, हा त्याचा लाभ होय. तथापि येथे कारागिराचा करार इमारतीच्या मालकाशी नसून मुख्य कंत्राटदाराशी असतो. कंत्राटदाराने पैसे थकविल्यास मालकाकडे मागणी करण्याचा हक्क सामान्यतः राहत नाही. म्हणून अटी आधीच निश्चित करणे अगत्याचे ठरते.

दराचा हिशेब

समजा, एका रंगाऱ्याने ५,००० चौरस फुटांचे काम साहित्यासह १४ रुपये दराने घेतले. बिल ७०,००० रुपयांचे झाले. रंग, लांबी व मजुरी यांवर ६०,००० रुपये खर्च झाल्यास त्याची प्राप्ती १०,००० रुपये होय. काम सदोष निघाल्यास दुरुस्ती व्हावी म्हणून बिलातून काही रक्कम राखून ठेवण्याची प्रथा आहे. ती पाच टक्के धरल्यास ३,५०० रुपये अडकून पडतात. टक्केवारी बिलावर मोजली जाते, परंतु भार प्राप्तीवर पडतो. येथे प्राप्तीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग अडकला. ही रक्कम किती व कोणत्या तारखेस परत मिळावयाची, हे लेखी ठरवून घ्यावे.

कंत्राटदार आयकर कापण्यास बांधील असल्यास व्यक्तीच्या बिलातून एक टक्का, म्हणजे येथे ७०० रुपये, कापले जातात. ही रक्कम कारागिराच्या पॅन क्रमांकावर जमा होते; कर लागू नसल्यास विवरणपत्र भरून ती परत मिळविता येते.

कागदावर काय असावे

करार एका पानाचा असला तरी चालतो. कामाची व्याप्ती, रंगाचे हात किती, दर, उचल, टप्प्याटप्प्याने बिल देण्याची रीत आणि मोजमाप कोणी व केव्हा घ्यावे, यांचा त्यात उल्लेख असावा. परांची, पाणी व वीज कोणी पुरवावी, हेही नमूद करावे. रंग झाल्यावर नळकाम करणाऱ्याने भिंत फोडली, तर पुन्हा रंगविण्याचा खर्च कोणाचा, हा वाद नेहमीचाच आहे. वाढीव कामाची चिठ्ठी दरासह सही घेतल्यावरच ते काम सुरू करावे. संयुक्त मोजमापाच्या कागदावर दोघांच्या सह्या व तारीख असावी.

कायद्याचा आधार

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उपक्रमांना त्यांच्या मालाचे वा सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत मिळावयास हवेत. ही मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. मुदत ठरलीच नसेल तर ती १५ दिवसांची धरली जाते. काम सोपविल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते सोपविल्याच्या दिवशीच स्वीकारले असे मानले जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते व राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.

यासाठी ‘उद्यम’ नोंदणी काम घेण्यापूर्वीच करावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार क्रमांकावर विनामूल्य होते. साहित्य व मजुरी एकत्र असलेल्या बांधकाम-कंत्राटांस हा अधिनियम लागू होतो किंवा कसे, याविषयी मात्र न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. त्यामुळे जाणकाराचा सल्ला घेणे हिताचे. दिवाणी दाव्याचा मार्ग खुला असतोच. त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते.

या सर्व मार्गांत पुरावा एकच: लेखी करार, सहीचे मोजमाप व काम सोपविल्याची तारीख. कित्येक कुशल कारागिरांस लेखनाचा सराव नसतो. गावातील शिक्षक व पंचायतीचे कर्मचारी यांनी असे एक पान लिहून देण्यास साह्य केले, तर कष्टाचे मोल बुडण्याचे अनेक प्रसंग टळतील.